सात नंबरवरचा नमुना

सकाळी दहाला वीस मिनिटं कमी असताना सात नंबरच्या यंत्राची वजनं खाली आली. आवाज मोठा नव्हता. वाळूच्या पेटीत लोखंडी चकत्या पडल्याचा, पोटातून आल्यासारखा दबका आवाज. बाई खिडकीजवळच्या टेबलाशी चष्मा पुसत उभ्या होत्या. चष्मा तसाच हातात धरून त्यांनी मान वळवली, तर ओळीनं उभ्या असलेल्या नऊ यंत्रांपैकी आठांच्या तरफा सरळ आडव्या होत्या आणि एकीचं टोक खाली लोंबत होतं. चष्म्याविना ते दृश्य धूसर दिसलं, पण नंबर वाचायची गरज नव्हती. कोपऱ्यातलं यंत्र सातवंच. बाईंना प्रथम वाटलं ते एवढंच, की आपण तिकडे गेल्या कित्येक महिन्यांत पाहिलेलंच नाही.

या खोलीत काही घडत नाही अशीच तिची ख्याती होती. बाकीच्या प्रयोगशाळेत धातू ओढले जात, ठोकले जात, कडाडकन तुटत. पाहुणे आले की त्यांना तिकडे नेत. इथं मात्र धातूचा बोटाएवढा दांडा एका उभट भट्टीत टांगायचा, खाली तरफेला वजन लावायचं आणि वाट पाहायची. वजन असं, की त्यानं दांडा आज तुटणार नाही, उद्याही नाही. उष्णता अशी, की तिनं तो वितळायच्या जवळपासही जाणार नाही. तरी तो तासातासानं, केसाच्या शंभराव्या भागानं, लांबत जातो. किती लांबतो ते एक डायल दाखवते आणि ती वाचून वहीत उतरवायची. नवीन आलेली पोरं या खोलीला प्रतीक्षालय म्हणत. बाई इथं अठ्ठावीस वर्षं होत्या. नोकरीच्या आधी दोन वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं होतं. तेवढ्यावरून सुरुवातीला कुणीतरी ‘बाई’ म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता संचालकसुद्धा बाईच म्हणत.

त्यांनी चष्मा लावला, यंत्राजवळ गेल्या आणि तासांचा आकडा वाचला. एकवीस हजार सहाशे चौदा. म्हणजे अडीच वर्षांना थोडं कमी. त्या आकड्याकडे त्या पाहत राहिल्या. याच अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूसाठी त्यांनी अहवालात स्वतःच्या सहीनं लिहिलं होतं, की दीडशे अंश उष्णतेत आणि प्रत्यक्ष वापराच्या दीडपट वजनाखाली हा धातू दहा वर्षं टिकेल. दहा वर्षांचे तास सत्त्याऐंशी हजारांच्या पुढे जातात. बाईंनी आकडा पुन्हा एकदा वाचला. वाटलं ती भीती नव्हती, निदान अजून नव्हती. जिन्यावर एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि तिथं पायरी नसावी, तसं.

भट्टी उघडून त्यांनी चिमट्यानं दांड्याचा वरचा तुकडा काढला आणि विटेवर ठेवला. हातमोजे घातलेले होते तरी त्यांनी हात लगेच मागे घेतला. ती वडिलांची शिस्त. वडील ओतकाम करायचे. अ‍ॅल्युमिनियमची भांडी, झाकणं, मुठी. लोखंडाला गरम झाल्याची लाज वाटते, ते लाल होतं, असं ते म्हणायचे. हा गडी तापला तरी तसाच पांढरा, वितळेपर्यंत चेहरा बदलत नाही. धातू किती तापलाय ते कळायला ते त्यावर साबणाची वडी घासायचे. रेघ तपकिरी झाली की पुरे. एकदा साच्यातून काढलेलं झाकण पत्र्यावर ठेवलं होतं, थंड झाकणांच्या शेजारीच, आणि बोलता बोलता त्यांनी ते उचललं. बाई तेव्हा आठ वर्षांच्या असतील. वडील ओरडले नाहीत. झाकण खाली ठेवलं, नीट, आवाज न करता, आणि मग तळव्याकडे पाहिलं. तो तळवा पुढे आयुष्यभर गुळगुळीत राहिला, त्यावर रेषाच नव्हत्या. विटेवरचा तुकडा आता त्या झाकणासारखाच शांत दिसत होता. तुटलेल्या टोकाशी तो किंचित बारीक झाला होता, आणि भिंग धरलं तेव्हा त्याच्या अंगावर आडव्या बारीक भेगा दिसल्या, कोरड्या ओठांवर असतात तशा.

बाईंना त्यात काय झालं असेल ते न पाहताही ठाऊक होतं. या मिश्रधातूचं बळ त्यात विखुरलेल्या अतिसूक्ष्म कणांत असतं. ते कण दाट पेरलेले असतात तोवर धातूच्या थरांना एकमेकांवरून सरकता येत नाही. पण उष्णता दिवसरात्र राहिली की कण एकमेकांत मिसळतात, जाडे होतात, संख्येनं कमी होतात, आणि त्यांच्यामधली जागा मोकळी पडते. मग थर सरकू लागतात. सुरुवातीला धातू थोडा लांबतो, मग बराच काळ एका लयीत, अगदी संथ लांबतो, आणि शेवटी केव्हातरी वेग वाढतो. हे त्या दरवर्षी नव्या मुलांना फळ्यावर काढून दाखवत. मधला लांबच लांब सपाट भाग काढताना त्या नेहमी म्हणत, की इथं माणूस फसतो, इथं सगळं ठीक दिसतं.

वही काढली. सात नंबरच्या पानावर शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची होती. तिच्या वरच्या चार नोंदींसमोर ‘विशेष बदल नाही’ असं लिहिलेलं होतं आणि अक्षर बाईंचंच होतं. आकडे मात्र बदललेले होते. प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडे जास्त. त्यांनी आकडे लिहिले होते आणि त्यांच्याशेजारी बदल नाही असंही लिहिलं होतं, एकाच पेननं, एकाच बैठकीत. अहवाल गेल्यावर दोन नमुने उतरवले गेले आणि हा तिसरा बाईंनीच हट्टानं ठेवला होता. धातू बनवणाऱ्या ओतशाळेला नको होता, संचालकांना यंत्र मोकळं हवं होतं. बाई म्हणाल्या, राहू द्या, बघू तरी. त्या हट्टाचा त्यांना मनातून अभिमान होता. यंत्र चालू ठेवलं म्हणजे लक्ष ठेवलं, असं त्यांना वाटत राहिलं होतं.

संचालक त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होते आणि एके काळी याच खोलीत बाईंच्या हाताखाली आकडे उतरवायला बसलेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तुकडे हातात घेऊन पाहिले, बाईंना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि शांतपणे एकेक शक्यता मांडली. भट्टीची तापमापी चढली असेल. नमुन्यात ओतताना पोकळी राहिली असेल. एका तुकड्यावरून काय ठरतं. आणखी तीन लावू, ओतशाळेला रीतसर पत्र पाठवू, ते पुढे, ज्या रुग्णालयात हा धातू बसवलाय, तिथं कळवतील. आठपंधरा दिवस जातील, पण काम पक्कं होईल. शिवाय प्रत्यक्षात दीडपट वजन कुठं आहे.

“दीडपटीला दहा वर्षं लिहिलीत मी,” बाई म्हणाल्या. “अडीचसुद्धा निघाली नाहीत.”

संचालकांनी कपाची बशी सरळ केली. मग हळू आवाजात ते म्हणाले, की बाईंना दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय, आणि घाईनं अंगावर ओढून घेण्यासारखं यात काही नाही. त्यांना खरोखरच काळजी वाटत होती, हे बाईंना दिसलं. त्यांच्याकडून असं काही ऐकायला मिळावं म्हणूनच आपण तुकडे घेऊन इथवर आलो का, अशी शंका त्यांना आली आणि त्यांनी कप खाली ठेवला.

दुपारभर त्या जुना आलेख पुढे घेऊन बसल्या. हजार तासांचे ठिपके आणि त्यांतून पट्टीनं काढलेली सरळ रेघ, पुढे दहा वर्षांपर्यंत नेलेली. शेवटचे दोन ठिपके रेघेच्या वर होते. फार नाही, पेन्सिलीच्या टोकाएवढे. तेव्हा त्यांनी ते वाचनातला फरक म्हणून सोडून दिले होते. घाई कुणी केली नव्हती, दडपण नव्हतं, कुणी फोन केला नव्हता. कुणी दडपण आणलं असतं तर बरं झालं असतं. पण हा धातू कुठं जाणार आहे ते त्यांना माहीत होतं, आणि आता पट्टी हातात घेतल्यावर रेघ ओढली ती दुपार पुन्हा समोर आली. त्याच्या तीन महिने आधी आई त्याच मोठ्या रुग्णालयात वारली होती. बावीस दिवस ती तिथं होती. शेवटच्या आठवड्यात तिच्या चादरीवर खांद्यापाशी एक तांबूस डाग होता, जुन्या रक्तासारखा. बाईंनी चादर बदलायला सांगितली. बदललेल्या चादरीवर दोन डाग होते. परिचारिका म्हणाली, रक्त नाहीये ते, गंज आहे. धुलाईघरात वरच्या नळ्यांचे लोखंडी ब्रॅकेट दमटपणानं गंजलेत, पाणी टपकतं, डाग जात नाहीत. आईला दिसत नव्हतं तेव्हा, पण ती बोटानं नेमका तो डाग चाचपायची. नंतर त्याच धुलाईघराच्या नव्या ब्रॅकेटांसाठी न गंजणाऱ्या धातूचा नमुना टेबलावर आला तेव्हा बाईंना तो पास व्हायला हवा होता. त्यांनी खोटं काहीही लिहिलं नव्हतं. पट्टी ठेवली होती आणि रेघ ओढली होती. इच्छा हातातून कागदावर कुठल्या क्षणी उतरली हे आता शोधून सापडणार नव्हतं.

संध्याकाळी घरी नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुद्रितं तपासत बसला होता. छापखान्यातून निवृत्त झाला तरी लोक त्याच्याकडे पुस्तकं आणून देत. मान खाली, लाल पेन, ओठांनी काना-मात्रा मोजत. बाईंनी भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. आईच्या चादरीचं सांगितलं नाही. त्यानं मध्ये एकदाच विचारलं, त्या नळीखाली माणसं किती असतात. पाळीला तीसेक बायका, बाई म्हणाल्या. त्यानं लाल पेन खाली ठेवलं. चुकलेलं पान आपण पुन्हा छापायला लावतो, तो म्हणाला, नाहीतर शेवटी एक चिठ्ठी चिकटवतो, ती कुणी वाचत नाही. बाईंना त्याचा राग आला. किती सोपं होतं हे, कागदाचं. त्यांनी भाजी फोडणीला टाकली आणि झाकण ठेवलं. जेवताना दोघं पाणी किती दिवसांनी येतंय याबद्दल बोलले.

सकाळी त्यांनी वैयक्तिक कामाची रजा टाकली आणि रुग्णालयाच्या मागच्या दारानं धुलाईघरात गेल्या. आत शिरताच चष्म्यावर वाफ चढली. लांबलचक खोली, एका बाजूला फिरणारी धुलाईयंत्रं, दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या मोठ्या रुळांची ओळ आणि रुळांच्या वर, भिंतीतून निघालेल्या एकोणीस ब्रॅकेटांवर टेकलेली, वाफेची जाडजूड नळी. नळी आणि ब्रॅकेट एकाच पांढऱ्या जाड आवरणात गुंडाळलेले. त्यामुळे दिसत काहीच नव्हतं. कुठं गंज नव्हता. चादरी खरोखर पांढऱ्या होत्या. खाली बायका जोडीजोडीनं चादरीची टोकं धरून झटकत होत्या, घडी घालत होत्या, एकमेकींची चेष्टा करत होत्या. त्यांची डोकी आणि नळी यांच्यामध्ये फार अंतर नव्हतं. बाई दारातच थांबल्या. पाऊल पुढे टाकायचं तर नळीखालूनच जावं लागणार होतं आणि ते त्यांच्यानं होईना. तीस बायका तिथं सकाळपासून उभ्या होत्या.

मुकादम ही पन्नाशीची, अंगानं भरलेली, कमरेला किल्ल्या लावलेली बाई होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. कामाच्या आवाजात बाईंना एकेक वाक्य दोनदा बोलावं लागलं आणि दुसऱ्यांदा बोलताना ते आणखी खोटं वाटे. मुकादमनं सांगितलं, की शस्त्रक्रियेच्या कपड्यांचे दोन गठ्ठे अकराच्या आत वर गेले पाहिजेत, आठशे चादरी रांगेत आहेत, आणि वाफ बंद करायची तर लेखी हुकूम लागतो.

“कुणाच्या सहीनं बंद करायचं?” तिनं विचारलं.

“माझ्या.”

“आणि ते लागले कुणाच्या सहीनं?”

“माझ्याच,” बाई म्हणाल्या.

मुकादमनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, प्रथमच. हेटाळणी त्यात नव्हती. रोज पुरवठादारांशी बोलणारी ती बाई होती, आणि असं उत्तर तिला बहुधा कुणी दिलं नसावं. पण तिनं मान हलवली. दिसतंय का काही, ती म्हणाली, मला वर काही दिसत नाही. बाईंनी विचारलं, आवाज येतो का कुठून? नाही. गळती? नाही. काहीतरी वेगळं, गेल्या काही महिन्यांत? मुकादमनं हाच प्रश्न ओळीतल्या बायकांकडे फेकला, आणि तिकडून हसण्याची एक लाटच आली. बुटकीला विचारा, कुणीतरी म्हणालं. बुटकीची उंची वाढलीय. वाफेवर शिजून फुगलीय ती, दुसरी म्हणाली, नवऱ्याला घाबरवते आता.

बुटकी तिसऱ्या रुळाशी होती. चाळिशीची, काटक, सगळ्यांत ठेंगणी. ती लाजून हसली आणि तोंडावर ओल्या हाताची पालथी मूठ ठेवली. बाईंनी तिला काय ते सांगायला सांगितलं. ब्रॅकेटांना खालून एक लाकडी दांडी टांगलेली होती, चादरीचं टोक त्यावर टाकून पाणी निथळायला ठेवायचं. बुटकीचा हात तिथं पोचत नसे, म्हणून कामाला लागल्यापासून ती एका लाकडी पेटीवर उभी राहायची. हल्ली पेटी लागत नाही. हात आपोआप पोचतो. ती पेटी आता साबणाचे डबे ठेवायला घेतलीय.

“दाखवता का?” बाई म्हणाल्या.

बुटकीनं हात वर केला. टाचा उचलल्या नाहीत. चार बोटं दांडीवरून पलीकडे गेली आणि तिनं ती सहज मिटली. बायका पुन्हा हसल्या, एकीनं टाळीही दिली. बाई हसणाऱ्या तोंडांकडे बघत होत्या आणि त्यांना डोक्यात आकडे ऐकू येत होते, चार बोटं म्हणजे सहा-सात सेंटिमीटर. ब्रॅकेट अर्ध्या मीटरचा. त्यांनी आकडेमोड केली नाही, ती स्वतःहून होत गेली आणि थांबवता येईना. मुकादम हसत नव्हती. ती त्या मिटलेल्या बोटांकडे, मग दांडीवरून नजर चढवत वर, पांढऱ्या आवरणाकडे पाहत होती. मग ती भिंतीकडे गेली, वाफेच्या चाकाला दोन्ही हात लावले आणि अंग टाकून ते फिरवलं. यंत्रं एकेक करून थांबली. सगळ्या बाहेर, ती म्हणाली, हातातलं तिथंच टाका. एका बाईनं अर्धी घडी पुरी करायला घेतली तर तिच्या हातातून चादर काढून तिनं ती जमिनीवर टाकली.

आवरण दुपारनंतर, नळी निवल्यावर, कापून काढलं गेलं. तेव्हा संचालक आले होते, रुग्णालयाचे अभियंता आले होते, ओतशाळेचा माणूसही आला होता. एकोणीसच्या एकोणीस ब्रॅकेट वाकले होते. पाचांना भिंतीजवळ, मुळाशी, भेगा होत्या; तिसऱ्या रुळावरच्या ब्रॅकेटच्या भेगेत अभियंत्यानं खिशातलं पोस्टकार्ड घातलं, ते निम्मं आत गेलं. कुणी कुणाला दोष दिला नाही, त्या दिवशी तरी. पुढच्या महिन्यात चौकशी झाली. बाईंची सही करण्याची परवानगी काढून घेतली गेली आणि ती निवृत्तीपर्यंत परत मिळाली नाही. अहवाल आता संचालकांच्या नावानं जायचे. बाईंनी चौकशीत ठिपक्यांचं सांगितलं, वहीतल्या आठ महिन्यांचं सांगितलं. चादरीचं तिथंही सांगता आलं नाही, तसा प्रश्न कुणी विचारला नाही. आपण वाचलो की वाचवलं, हे त्यांना कधी ठरवता आलं नाही. काही दिवस त्यांना वाटे, की आपण गेलो नसतो तरी त्या बायकांना केव्हातरी कळलंच असतं. काही दिवस नेमकं उलट वाटे.

पण त्या सकाळी, वाफ बंद झाल्यावर, बायका मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसल्या होत्या. आत निवणारी नळी अधूनमधून टकटक आवाज करत होती. बाईंनी पर्समधून वही काढली आणि बुटकीच्या शेजारी पायरीवर बसल्या. पेटी केव्हापासून लागली नाही, त्यांनी विचारलं. बुटकीनं बराच विचार केला. थोरल्या जावेला मुलगी झाली त्या आठवड्यात एकदा पेटी घ्यायला विसरले, ती म्हणाली, आणि हात पोचला, म्हणजे पुरता पोचला नाही, नखं लागली. मग तारीख निघाली, मुकादमनं हजेरीच्या वहीतून पक्की करून दिली. चार महिने आणि अकरा दिवस. बोटाचं पहिलं पेर कधी पोचलं, दुसरं कधी, हेही तिला बऱ्यापैकी आठवत होतं, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी चेष्टा केली होती आणि चेष्टा लक्षात राहते. बाई उतरवून घेत गेल्या. चार नोंदी झाल्या. त्यांनी त्या मनातल्या मनात आलेखावर मांडल्या आणि रेघ वर वळलेली स्पष्ट दिसली.

नवा अहवाल बाईंनीच लिहिला, सही दुसऱ्याची असली तरी. त्यात एक तक्ता असतो: दिनांक, मापन, निरीक्षक, साधन. संचालकांनी मसुद्यातल्या तक्त्यावर खूण करून परत पाठवला, की ही भाषा बरी दिसत नाही. बाईंनी तो दुरुस्त न करता पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा तो तसाच सही होऊन आला. निरीक्षक या रकान्यात बुटकीचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. शेजारच्या रकान्यात लिहिलं होतं: उजवा हात, टाचा जमिनीवर.